फुले होती, बीज नव्हते : लेकसाइड डेझीची कहाणी

१/ उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या परिसरात, चुनखडीच्या खडकावरील उथळ मातीत लेकसाइड डेझी ही पिवळ्या फुलांची दुर्मीळ वनस्पती वाढते. माणसाने खडक फोडले, माळ व्यापले. आणि इलिनॉय राज्यात तिची सुमारे ३० रोपे तेवढी उरली.

२/ ती रोपे निरोगी होती, फुलतही होती. तरीही जवळजवळ १५ वर्षे त्यांना रुजण्याजोगे बी धरले नाही.

३/ या कोड्याच्या उकलीचा पाया १९३९ सालीच घातला गेला होता. न्यू मेक्सिकोतील ऑर्गन पर्वतात ओनोथेरा ऑर्गनेन्सिस ही अशीच विरळ वनस्पती आहे. स्टर्लिंग इमर्सन यांना तिच्यात एकाच जनुकाची चाळीसच्या आसपास रूपे आढळली. इतक्या लहान समूहात इतकी विविधता टिकते कशी, याचे गणित स्यूअल राइट यांनी मांडले.

४/ अनेक वनस्पती स्वतःचा पराग नाकारतात. ही ओळख अशा जनुकावरून पटते. दोन रोपांतील रूपे सारखी असतील, तर शेजाऱ्याचा परागही ‘स्वतःचा’ ठरतो. विरळ रूपाचा पराग मात्र बहुतेक ठिकाणी स्वीकारला जातो. म्हणून विविधता टिकते. पण समूह फारच लहान झाला, की केवळ योगायोगाने एकेक रूप कायमचे नाहीसे होते.

५/ १९८० च्या दशकात मार्सेला डिमॉरो यांनी लेकसाइड डेझीच्या फुलांचे हाताने परागीकरण केले. इलिनॉयच्या रोपांचा आपापसांत संकर निष्फळ ठरला. ओहायोतील रोपांशी केलेला संकर फळला. इलिनॉयची उरलेली सर्व रोपे एकाच गटातील होती. मोजदादीत ३०, प्रजननाच्या दृष्टीने जणू एकच.

६/ प्रश्न बिकट होता. स्थानिक वंश शुद्ध राखावा, तर तो निर्वंश होणार. बाहेरचा पराग आणावा, तर पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीशी जुळलेले गुण विरळ होण्याची भीती. अखेर संकराचा मार्ग निवडला गेला.

७/ १९८८ साली अमेरिकेने या वनस्पतीला संकटग्रस्त म्हणून कायदेशीर संरक्षण दिले. त्याच वर्षी इलिनॉयमधील तीन संरक्षित माळांवर तिची पुन्हा लागवड झाली. या वेळी रोपांची केवळ संख्या पाहून भागणार नव्हते. परस्परांचा पराग स्वीकारतील असे वेगवेगळे गट एकत्र लावणे आवश्यक होते. राइट यांच्या कागदावरील गणिताला अर्धशतकानंतर माळावर काम मिळाले.