मुलाखत : भेटीचा शब्द परीक्षेचा कसा झाला?

१/ लातूर-नांदेडकडच्या घरात मुलाने ‘उद्या मुलाखत आहे’ असे सांगितले, की आई देवापुढे दिवा लावते आणि वडील इस्त्रीचा सदरा शोधू लागतात. त्याच गल्लीतील दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या तोंडी ‘मुलाखात’ म्हणजे साधी भेट. एकाच शब्दाने एका घरात धडकी भरते आणि दुसऱ्या घरात चहाचे आधण चढते, हे कसे घडले?

२/ मूळ शब्द अरबी : मुलाकात, म्हणजे समोरासमोर येणे. फारसीच्या वाटेने तो दख्खनच्या दरबारांत आला. मुळातील ‘क’ घशाच्या तळातून उच्चारला जाणारा. दखनी बोलीत त्याचा ‘ख’ होतो. तेथे ‘कलम’सुद्धा ‘खलम’ होते. मराठीनेही ‘वक्त’चे ‘वखत’ केले. हिंदीतील ‘मुलाकात’ आणि आपली ‘मुलाखत’ यांच्यातला हा ‘ख’ म्हणजे दख्खनचा शिक्काच होय.

३/ दरबारी फारसीत भेटीसाठी आणखी एक शब्द होता : मुलाजमत. त्याचा अर्थ वरिष्ठाच्या सेवेत हजर होणे. चाकर या अर्थाचा ‘मुलाजिम’ त्याच कुळातला. मुलाकातीत दोघे एकमेकांना भेटतात. मुलाजमतीत एक उभा राहतो आणि दुसरा बसून पाहतो. इतिहासातील कोणत्याही भेटीचे वर्णन वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा.

४/ १० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट ठरली. जागा कोणती, शामियाना कुठे, सोबत अंगरक्षक किती, हे सारे वकिलांनी आधी बोलून निश्चित केले होते. खानाला वाईहून जावळीच्या खोऱ्यात यावे लागले, यातच त्या दिवसाचा निम्मा निकाल दडलेला होता. भेटीची जागा जो ठरवतो, त्याचे पारडे भेटीआधीच जड झालेले असते.

५/ १२ मे १६६६, आग्रा. येथे जागा, वेळ, रांग, सारे बादशहाचे. महाराजांनी नजर पेश केली आणि त्यांना मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. औरंगजेबाच्या दृष्टीने ती मुलाजमत होती. महाराज मात्र तिच्याकडे तसे पाहण्यास तयार नव्हते. त्यांच्या संतापाचे मूळ या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे.

६/ अर्थात सगळ्याच भेटी वकील ठरवीत नसत. १७०८ साली बहादूरशहाच्या छावणीबरोबर गुरू गोबिंदसिंग गोदाकाठी नांदेडला आले. तेथे माधोदास नावाचा बैरागी त्यांना भेटला आणि पुढे बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबच्या इतिहासात अमर झाला. या प्रसंगाला कुणी ‘मुलाखत’ म्हणणार नाही. अशा क्षणांसाठी मराठीने ‘भेट’ हा आपला शब्द राखून ठेवला आहे.

७/ आता लातूरकडे वळू. १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामुल्मुल्काला कोंडीत पकडले आणि ६ मार्च रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. १७३१ मध्ये डभोईला त्रिंबकराव दाभाडे पडले. त्यांना निजामाची फूस होती. म्हणजे दोघांत विश्वास म्हणावा असा काहीच उरलेला नव्हता.

८/ तरीही २७ डिसेंबर १७३२ रोजी लातूर परिसरातील रोहे-रामेश्वर येथे हे दोघे समोरासमोर आले. दग्याची शंका होती, तरीही बाजीराव गेले. मराठ्यांनी उत्तरेत हालचाल करावी आणि निजामाने आड येऊ नये, असा समझोता तेथे झाल्याचे इतिहासकार मानतात.

९/ तो समझोता फार काळ टिकला नाही. १७३७ मध्ये निजाम बादशहाच्या बाजूने उत्तरेत उतरला, भोपाळजवळ वेढला गेला आणि ७ जानेवारी १७३८ रोजी दुराहासराईचा तह करून सुटला. पण त्यामुळे लातूरची भेट निरर्थक ठरत नाही. एकमेकांना संपवू न शकणारे दोन प्रबळ पुरुष बरोबरीने बोलले. मुलाखत या शब्दाचा मूळ अर्थ त्या दिवशी मांजरेच्या खोऱ्यात पुरेपूर उतरला.

१०/ पुढे मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिला. कारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. या शब्दाचा एक अर्थ तुरुंगाच्या दारावर उभा आहे : कैद्याला नातलगांनी भेटणे म्हणजेही मुलाखतच. नांदेडचे विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या स्वामी रामानंद तीर्थांना मुक्तिसंग्रामात वारंवार कारावास घडला. अशा मुलाखतीचा दिवस, वेळ आणि मिनिटे ठरवणारा तिसराच कुणी असतो.

११/ वर्तमानपत्रे आली, नोकरभरती आली आणि मराठीने या शब्दाला दोन क्रियापदे जोडली : ‘घेणे’ आणि ‘देणे’. प्रश्न विचारणारा मुलाखत घेतो, उत्तरे देणारा ती देतो. भेट मुळात दोघांची ‘होत’ असे. ‘घेणे-देणे’ येताच तिला वरची आणि खालची बाजू आली.

१२/ गेल्या महिन्यात एका पदासाठी मीही मुलाखत दिली. व्हरांड्यातील बाकावर चार तास आणि आत सहा मिनिटे. समोरच्या तिघांपैकी एकाने मान वर करून पाहिले नाही. बाहेर पडताना आग्र्याची रांग आठवली. तुलना फार मोठी आहे, हे मान्य. पण शब्द तोच होता.

१३/ उर्दूत ‘मुलाजमत’चा आजचा रूढ अर्थ आहे नोकरी. म्हणजे आपण मुलाजमत मिळावी म्हणून मुलाखत देतो. एके काळी भेटीचा दर्जा सांगणारे हे दोन शब्द आता एकाच दाराच्या दोन बाजूंना उभे आहेत.

१४/ म्हणून यापुढे मुलाखतीला जाल, तेव्हा एवढे स्मरणात असू द्या : हा शब्द जन्मतः परीक्षेचा नाही. टेबलाच्या पलीकडे बसण्याची वेळ आपल्यावर येईल, तेव्हा तर हे विसरूच नये. समोर आलेल्या माणसाकडे मान वर करून पाहणे, ही मुलाखतीची सर्वांत जुनी अट आहे.