अमीनच्या दरबारातला गोरा
जानेवारी १९७१मध्ये लष्करी बंड करून युगांडाची सत्ता बळकावणाऱ्या इदी अमीनवरील ‘द लास्ट किंग ऑफ स्कॉटलंड’ (२००६) या चित्रपटातील स्कॉटिश डॉक्टर काल्पनिक असला, तरी त्याच्या घडणीत बॉब अ‍ॅस्टल्स या खऱ्या इंग्रजाची छाया आहे. पदच्युत अध्यक्ष ओबोटे यांच्या मर्जीतला म्हणून अमीनने आधी त्याला तुरुंगात डांबले, आणि पुढे त्यालाच सल्लागार नेमले. १९७५मध्ये गोऱ्या व्यापाऱ्यांच्या खांद्यावरून पालखीसारख्या आसनात मिरवणाऱ्या अमीनला असे गोरे हाताशी हवेच होते. चित्रपटातला डॉक्टर मात्र नवखा व भोळा आहे, ही सोयीस्कर सूटच म्हणावी लागेल. कारण अ‍ॅस्टल्स युगांडात पुरता मुरलेला होता. अमीनची सत्ता गेल्यावर खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटूनही तो १९८५पर्यंत कैदेतच राहिला.