प्लेगने दिलेल्या बागा

वांद्रे आणि गिरगावच्या जुन्या गल्ल्यांतून जाताना ठिकठिकाणी क्रूस आढळतात. त्यांपैकी कित्येक प्लेगच्या काळात उभारले गेले, हे आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकत आलो आहोत. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या दाट वस्तीत हा रोग प्रथम दिसला आणि पुढील काही महिन्यांत लक्षावधी लोक मुंबई सोडून पळाले. त्या संकटाची आणखी एक खूण मुंबईत आहे. मात्र तिच्यापुढे कोणी मेणबत्ती लावीत नाही. ती खूण म्हणजे दादर-माटुंग्याच्या बागा.

साथीने हादरलेल्या सरकारने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. कोंदट हवा, अंधाऱ्या खोल्या आणि दाटी यांतूनच प्लेग उपजतो, अशी त्या वेळच्या बहुतेक अधिकाऱ्यांची समजूत होती. गंमत अशी, की त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे प्रयोगाने दाखविले होते. त्याचे म्हणणे मान्य व्हायला पुढे बरीच वर्षे गेली. तोवर ट्रस्टने रुंद रस्ते आखले, घराघरांत अंतर ठेवले, उजेड कोणत्या कोनातून खोलीत शिरावा याचे नियम केले आणि शहराच्या उत्तरेकडील शेते व वाड्या ताब्यात घेऊन दादर-माटुंग्याची वसाहत कागदावर उतरविली. निदान अपुरे होते. उपचार मात्र शहराच्या कायमचा उपयोगी पडला.

तथापि, या इतिहासाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. ज्या मजुरांच्या खोल्या ट्रस्टने शहरात पाडल्या, त्यांतील फारच थोड्यांच्या वाट्याला ही हवेशीर घरे आली. नवे उपनगर प्रामुख्याने कारकून, शिक्षक, वकील अशा मध्यमवर्गीयांचे झाले. त्यातही लोक आपापल्या जातीसमाजाची सोबत शोधीत होते. गावदेवीची सारस्वत गृहनिर्माण सोसायटी १९१५ ची, तर वांद्र्याची आपली साल्सेट कॅथलिक सोसायटी १९१८ ची. परक्या शहरात आपली भाषा बोलणारा, आपले सण पाळणारा शेजार हवासा वाटणे स्वाभाविक होते. त्याला आम्ही नावे ठेवणार नाही.

दादरची पारशी कॉलनी याच मनोवृत्तीतून उभी राहिली. मंचेरजी एदलजी जोशी हे ट्रस्टचेच अभियंता. साध्या उत्पन्नाच्या पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून ठेवण्यास त्यांनी ट्रस्टला राजी केले. पहिली इमारत उभी राहण्यापूर्वी कोणत्या रस्त्यावर कोणती झाडे लावायची, हेसुद्धा त्यांनी ठरविले होते, असे सांगतात. एका रस्त्यावर अशोक, दुसऱ्यावर महोगनी! घरे दोन मजल्यांहून उंच नकोत, हाही त्यांचाच आग्रह. परंतु आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. मुंबईतील इतर पारशी वसाहतींना कुंपणे आहेत. या कॉलनीला तट नाही. घरे एका समाजाची, पण फाइव्ह गार्डन्सच्या पाच बागा येईल त्याच्या. माटुंग्याची तमिळ आजी, नायगावचा गिरणी कामगार, किंग्ज सर्कलचा गुजराती विद्यार्थी अशांना तेथे बाकावर टेकायला कोणाची परवानगी लागली नाही.

रेल्वेच्या पश्चिमेस महापालिकेने १९२५ मध्ये माहीम पार्क खुले केले. १९२७ मध्ये, शिवरायांच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्याचे नाव शिवाजी पार्क झाले. गांधीजींचे मराठी चरित्र १९१८ मध्येच लिहिणाऱ्या त्या याच अवंतिकाबाई. सुमारे २८ एकरांचे हे मैदान आणि त्याभोवतीचा कट्टा! त्या कट्ट्याची थोरवी अशी, की तो कोणाला काही विचारत नाही. सकाळी निवृत्त मंडळी, दुपारी अभ्यास टाळणारी मुले, संध्याकाळी घरात एकांत न मिळालेली नवी जोडपी. आत रमाकांत आचरेकरांच्या जाळ्यांत तेंडुलकर घडला. त्या गुरूचे स्मारक डिसेंबर २०२४ मध्ये तेथेच उभे राहिले. समर्थ व्यायाम मंदिराचा मल्लखांब, वनिता समाज आणि बंगाल्यांची दुर्गापूजा हीही याच परिसरातली.

एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेवर सर्वांचा डोळा असतो. राजकीय सभांनी मैदान गाजविले आणि ध्वनिक्षेपकांनी भोवतालची आजारी माणसे व परीक्षार्थी हैराण झाले. रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाने तो परिसर शांतता क्षेत्र ठरविला. अलीकडे मैदानातील लाल मातीच्या धुळीवरून तक्रारी होत आहेत. ज्या हवेसाठी ट्रस्टने एवढी जमीन मोकळी सोडली, तिच्यासाठीच शेजाऱ्यांना अर्ज करावे लागावेत, हे विपरीतच.

शेवटी पुन्हा वांद्र्याकडे वळू. तेथे कार्टर रोडच्या समुद्रकाठी कचरा टाकला जाई. हॉकीचे प्रशिक्षक ऑलिव्हर आंद्राद यांनी ती जागा धावण्या-चालण्यासाठी असावी, असा ध्यास घेतला आणि १९९० मध्ये जॉगर्स पार्क सुरू झाले. येथे ना साथ होती, ना ट्रस्ट, ना आधी काढलेला नकाशा. कचऱ्याच्या ढिगापलीकडचा समुद्र तेवढा एकाला दिसला होता.