सायबर छळ : आपल्या शाळकरी मुलांसाठी काय करावे?

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. राज्यात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. आज त्याच जिल्ह्यात, लोणंदसारख्या गावात, आपली मुले सगळ्यांबरोबर बाकावर बसतात. पण वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्याला वेगळे बसवायला गोणपाट लागत नाही.

सायबर छळ म्हणजे काय?
मोबाईलवरून एखाद्याला मुद्दाम, वारंवार अपमानित करणे. जातीवरून टोमणे, फोटोत फेरफार, खोटे खाते, ग्रुपमधून काढून टाकणे, धमक्या. शाळेतली चिडवाचिडवी घंटा झाली की थांबते. ही मात्र अंथरुणापर्यंत येते आणि शंभर जण बघतात.

कसे ओळखावे?
मोबाईल वाजला की दचकणे, स्क्रीन लपवणे, शाळा टाळणे, जेवण-झोप बिघडणे. अशा वेळी मोबाईल काढून घेऊ नका. त्या भीतीनेच मुले घरी सांगत नाहीत.

काय करावे?
१. उलट शिवीगाळ नको. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक आणि रिपोर्ट करा.
२. अश्लील फोटो पुरावा म्हणूनही कोणाला पाठवू नका. मुलांचे असे चित्र पुढे पाठवणे हा आयटी कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. तो मोबाईलच पोलिसांना दाखवा.
३. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. शाळेतल्या सखी सावित्री समितीकडेही तक्रार करा.
४. चाइल्डलाइन १०९८, सायबर हेल्पलाइन १९३०, मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६.

कायदा
सार्वजनिक नजरेत जातीवाचक अपमान केल्यास अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(र) व (स), तर दिवंगत महापुरुषांच्या अवमानास कलम ३(१)(व्ही) लागते. ऑनलाइन अपमानही 'सार्वजनिक नजरेत' येतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांनाही हे संरक्षण आहे. ग्रुप अॅडमिन केवळ अॅडमिन आहे म्हणून दोषी ठरत नाही, हे नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. म्हणून तक्रारीत मजकूर टाकणाऱ्याचा नंबर लिहा. छळणारा अठरा वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तिथे भर सुधारण्यावर असतो, आणि तो असावाच.

आपली जबाबदारी
आपली मुले फक्त सोसणारीच असतात असे नाही. एखाद्या मुलीच्या फोटोवर हसणाऱ्यांत आपलाही पोरगा असू शकतो. खोटे न बोलण्याचे शील आणि सम्यक वाचा बोटांनी टाईप केलेल्या शब्दालाही लागू आहे. रविवारी विहारात मुले जमतात, तेव्हा वंदनेनंतर पंधरा मिनिटे याच विषयाला द्या. विचारा, "या आठवड्यात मोबाईलवर कोणाला वाईट वाटले?" आणि मग उपदेश न करता ऐका. भीमरावांना एकट्याने सोसावे लागले. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये.