पाकशास्त्र आणि पोटाची मनधरणी

कोठ्याच्या तक्रारींविषयी चारचौघांत बोलू नये, असा शिष्टाचार बहुतेक सर्व सुसंस्कृत समाजांत रूढ आहे. वस्तुतः माणसाचा दिवस प्रसन्न जाणार की त्रासिक, याचा निर्णय पुष्कळदा सकाळच्या पहिल्या घटकेतच लागतो. तरीसुद्धा या निर्णयाची चर्चा वैद्याच्या खोलीबाहेर सहसा होत नाही. झालीच तर ती थट्टेच्या रूपाने होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील एका गृहस्थाने ही वैद्यकी आणि ही थट्टा एकत्र आणली आणि दोहोंना स्वयंपाकघरात नेऊन बसविले. त्याचे नाव विल्यम किचिनर. इंग्रजीत स्वयंपाकघराला 'किचन' म्हणतात हे ध्यानात घेतले, म्हणजे नियतीने त्याच्या आडनावातच त्याचे कार्य सुचवून ठेवले होते असे म्हणावेसे वाटते.

किचिनरचा जन्म १७७५ सालचा. वडील लंडनमधील कोळशाचे धनिक व्यापारी. त्यांच्या मागे मुलाला एवढी संपत्ती लाभली की पोटासाठी काही उद्योग करण्याची त्याला गरज उरली नाही; म्हणून त्याने पोटाचाच उद्योग आरंभिला. ईटन येथील विख्यात शाळेत तो शिकला आणि ग्लासगो विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्याने मिळविली, असे त्याचे जुने चरित्रकार लिहीत. पुढील संशोधकांना मात्र या दोन्ही गोष्टींची नोंद आढळली नाही. ते काहीही असो, नावामागे 'डॉक्टर' ही उपाधी लावूनही त्याने रोगी तपासण्याचा व्यवसाय केला नाही. दुर्बिणी, संगीत आणि पाकक्रिया हे त्याचे तीन छंद होते. वॉरन स्ट्रीटवरील त्रेचाळीस क्रमांकाच्या त्याच्या घरात या तिन्ही छंदांना सारखाच मान होता.

त्या काळच्या लंडनमध्ये पचनाच्या तक्रारींचा विषय डॉक्टरांच्या तोंडी सतत होता. जॉन अ‍ॅबरनेथी या नामांकित शस्त्रवैद्याने १८०९ साली एक ग्रंथ लिहून, शरीराच्या निरनिराळ्या भागांत उद्भवणाऱ्या अनेक विकारांचे मूळ पचनसंस्थेच्या बिघाडात असते, असे प्रतिपादन केले होते. येणाऱ्या रोग्याला "माझे पुस्तक वाचा" असे सांगून वाटेला लावण्याबद्दल तो प्रसिद्ध होता. परंतु त्याच्या चिकित्सेत ज्या निळ्या गोळीला मानाचे स्थान होते, तिच्यात पारा असे. पाऱ्याच्या या औषधांनी कोठा साफ होई हे खरे; पण त्याबरोबर दात हलू लागत, हिरड्या सुजत आणि तोंडाला लाळ सुटे. रोगापेक्षा उपाय जड, अशी ती अवस्था होती.

या पार्श्वभूमीवर १८१७ साली किचिनरचे पाकशास्त्राचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. प्राचीन रोममधील खवय्या अ‍ॅपिशिअस याचा पुनर्जन्म झाला आहे, असा आशय त्याच्या लॅटिन नावात होता. पण लोकांच्या तोंडी राहिले ते त्याचे दुसरे नाव, 'द कुक्स ऑरॅकल', म्हणजे आचाऱ्याची देववाणी. एका वैद्याच्या स्वयंपाकघरात प्रत्यक्ष प्रयोग करून सिद्ध केलेल्या सहाशे कृती या पुस्तकात आहेत, असे मुखपृष्ठावरच बजावलेले होते. लेखणी हाती धरण्यापूर्वी आपण पाकशास्त्रावरील अडीचशेहून अधिक पुस्तके धुंडाळली, असेही लेखकाने सांगितले आहे. त्या पुस्तकांत त्याला एक दोष सर्वत्र दिसला. 'चवीपुरते', 'थोडेसे', 'पुरेसे' अशा शब्दांवर साऱ्यांची भिस्त. किचिनरने हे शब्द शक्य तेथे हद्दपार केले आणि पदार्थाचे वजन व शिजण्याचा वेळ नेमका सांगितला. घरोघरचे चमचे लहानमोठे असतात म्हणून औषधविक्रेत्याकडील खुणा केलेले काचेचे माप स्वयंपाकघरात ठेवावे, अशी शिफारस केली. प्रत्येक कृतीला त्याने क्रमांकही दिला. औषधशाळेतील तराजू अशा रीतीने चुलीशेजारी आला. एलायझा अ‍ॅक्टन हिने १८४५ साली आपल्या पुस्तकात साहित्य आणि प्रमाणे यांची जी शिस्त लावली आणि जी पुढे सर्वमान्य झाली, तिची पूर्वतयारी येथे झालेली दिसते.

पुस्तकाची खरी गोडी मात्र त्याच्या लेखनशैलीत आहे. किचिनर अतिशय गंभीर चेहऱ्याने विनोद करतो. पदार्थांची परीक्षा करण्यासाठी त्याने आपल्या घरी एक 'रुचि-समिती' स्थापन केली होती. तिच्या मंडळाचे नाव 'ईटा बीटा पाय' या तीन ग्रीक अक्षरांनी बनलेले होते. विद्वत्सभेला शोभणारे हे नाव भरभर उच्चारले, की इंग्रजीत 'याहून चांगला पाय खा' असे ऐकू येते. 'पाय' म्हणजे पिठाच्या आवरणात भाजलेला इंग्रजांचा आवडता पदार्थ. समितीचे नियम न्यायालयाच्या थाटात लिहिलेले असत. निमंत्रणाला चोवीस तासांच्या आत लेखी उत्तर आलेच पाहिजे. पाच वाजता 'नमुने' मेजावर मांडले जातील. काही पदार्थांचा परिपाक इतका क्षणभंगुर असतो की एका मिनिटाच्या विलंबानेही ते रसिकांच्या योग्यतेचे राहत नाहीत. सबब घोषित वेळेनंतर कोणाही पाहुण्याला, मग त्याची भूक कितीही थोर असो, आत सोडू नये अशी द्वारपालाला सक्त ताकीद. संध्याकाळच्या बैठकींसाठी 'सातला यावे, अकराला जावे' अशी पाटी त्याने लावली होती. नाटककार जॉर्ज कोलमन याने तिच्यात दोन अक्षरांचा एक शब्द घुसडून दिला, तेव्हा 'अकराला जावे' याचा अर्थ 'अकराला रंगात यावे' असा झाला, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे.

या हास्यविनोदाआड एक निश्चित सिद्धान्त होता. किचिनरच्या मते जठर ही देहरूपी घड्याळाची मुख्य कमान होय. तिला वेळच्या वेळी आणि बेताची किल्ली मिळाली नाही, तर सारे काटे चुकू लागतात. त्याच्या पाचाच्या ठोक्यामागील मर्म येथे कळते. मांसाचा घास मऊपणाच्या मानाने तीस ते चाळीस वेळा चावावा, मगच त्याने 'तांबड्या गल्लीतून', म्हणजे घशातून, पुढील प्रवासास निघावे, असा हिशेब त्याने दिला आहे. एवढे करूनही कोठा रुसून बसला तर काय करावे, याचे उत्तर त्याने १८२१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या 'पेप्टिक प्रिसेप्ट्स' या पचनविषयक उपदेशसंग्रहात मिळते. त्यात त्याने काही गोळ्यांची कृती दिली आणि त्यांना 'पेप्टिक परस्वेडर्स', म्हणजे पोटाची मनधरणी करणाऱ्या, असे नाव ठेवले. दोन ड्रॅम रेवाचिनीचे बारीक चूर्ण, एक ड्रॅम साखरेचा पाक आणि शहाजिऱ्याच्या जातीच्या कॅरवे बियांच्या तेलाचे दहा थेंब, एवढेच त्यांतील साहित्य. दोन ते चार गोळ्यांनी बारा तासांत बहुधा एक वेळ अधिक शौचास होते, असे तो एखाद्या मिठाईची कृती सांगावी तितक्या सहजतेने सांगतो. रेवाचिनी तर आपल्याकडील काष्ठौषधींच्या दुकानांतही ओळखीची. निळ्या गोळीतील पाऱ्याची जबरदस्ती आणि रेवाचिनीची मनधरणी यांतील अंतर त्याने त्या एका नावात सांगून टाकले.

टीकाकारांना अशा लेखकाची चेष्टा करण्याचा मोह आवरणे कठीणच होते. 'ब्लॅकवुड्स मॅगझीन'ने त्याची टर उडविली. टॉमस हूडच्या १८२५ मधील विनोदी कवितासंग्रहात त्याला उद्देशून एक स्तोत्र आले. पुस्तक मात्र खपत राहिले, त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि ते अमेरिकेतही छापले गेले. धने, हळद, मिरे, मोहरी, सुंठ, वेलदोडे, जिरे यांपासून करण्याच्या 'करी पावडर'ची कृतीही त्यात असल्यामुळे अनेक इंग्रज घरांत आपल्याकडील मसाल्यांचा दरवळ तोलूनमापून पोहोचला.

२६ फेब्रुवारी १८२७ च्या रात्री किचिनर विख्यात गायक जॉन ब्रॅहम याच्याकडे भोजनास गेला होता. गप्पांच्या रंगात तो नेहमीच्या वेळेपेक्षा अधिक थांबला. घरी परतताना त्याला छातीत अस्वस्थ वाटू लागले आणि पहाट होण्यापूर्वीच त्याचा अंत झाला. वय पन्नाशीच्या किंचित पुढे. दीर्घायुष्याची कला शिकविणारा पुस्तककर्ता स्वतः अल्पायुषी ठरला, हा उपहास त्याच्या वाट्याला येणे अटळ होते. पण एका रात्रीच्या उशिराने तो मेला असे मानणे जितके चुकीचे, तितकेच त्याच्या नियमांनी तो अमर व्हायला हवा होता असे म्हणणेही अन्यायाचे. जन्मभर आयुष्य वाढविण्याच्या उपायांचा शोध घेणाऱ्या त्या गृहस्थाला त्या उपायांची मर्यादा ठाऊक नसेल, असे वाटत नाही.

त्याच्या शास्त्रात उणिवा होत्या. मांसरस आणि सूप यांवर त्याची श्रद्धा मोठी होती. कोंडा, भाज्या आणि कडधान्ये यांतील चोथ्याचे मोल त्याच्या काळी उमगलेले नव्हते. ते काम पुढे डेनिस बर्किट (१९११–१९९३) या आयरिश शस्त्रवैद्याने केले. युगांडात अनेक वर्षे सेवा केल्यावर, तेथील साध्या, चोथायुक्त अन्नावर जगणाऱ्या लोकांत पाश्चात्त्यांचे कित्येक आतड्याचे विकार विरळ का, हा प्रश्न त्याने १९७० नंतरच्या दशकात जगापुढे मांडला आणि १९७९ साली सामान्य वाचकांसाठी एक पुस्तकही लिहिले. गंमत अशी की, बर्किटही व्याख्यानांतून मलाची छायाचित्रे पडद्यावर दाखवी आणि श्रोत्यांना हसवीत हसवीत आपला मुद्दा पटवून देई. दीडशे वर्षांनंतर शास्त्र बदलले होते. संकोच तोच होता आणि तो मोडण्याचे साधनही तेच राहिले होते.

संकोचापायी माणसे दुखणे लपवितात आणि लपविलेले दुखणे वाढते. उपदेशाने हा संकोच जात नाही, उलट अधिक घट्ट होतो. हसणाऱ्या माणसाची मूठ मात्र आपोआप सैल पडते. किचिनरने आपल्या वाचकांना प्रथम जेवावयास बसविले, मग हसविले आणि ती हसत असतानाच त्यांच्या हातावर रेवाचिनीच्या दोन गोळ्या ठेवल्या.