एका चिन्हाचे अनेक अर्थ

गुणाकाराची फुली आपण बाळपणीं शिकतों आणि तिचा अर्थ एकच, असें जन्मभर समजतों. सदिशांच्या प्रांतांत हा समज टिकत नाहीं. (१, २, ३) व (४, ५, ६) हे दोन सदिश घ्या. घटकाशीं घटक गुणिला, तर (४, १०, १८) येतात. त्यांची बेरीज केली, तर ३२ हा अदिश गुणाकार. आणि तिसऱ्या रीतीनें (−३, ६, −३) हा नवाच सदिश निघतो.

अमेरिकेंतील गिब्ज यांनीं १८८१ सालीं खाजगी रीत्या छापलेल्या पुस्तिकेंत दुसऱ्या रीतीस टिंब व तिसरीस फुली दिली. पुढें १९५७ सालीं फोरट्रान ही संगणकाची भाषा आली. तींत गुणाकारास तारका हें चिन्ह होतें, पण तें सुट्या संख्यांपुरतेंच. सदिशाचा घटक न् घटक निराळा गुणावा लागे. १९६२ सालीं केनेथ आयव्हर्सन यांनीं आपल्या ग्रंथांत संबंध सदिशावर एकदम चालणारीं चिन्हें मांडलीं.

मग तारकेचा अर्थ कोणता, हा प्रश्न उभा राहिला. मॅटलॅबमध्यें ती मॅट्रिक्सचा गुणाकार करते. घटकशः गुणण्यास तिच्यापूर्वीं टिंब द्यावें लागतें. फोरट्रान ९० मध्यें तीच तारका घटकशः गुणते. चौरस मॅट्रिक्सचें सूत्र एकींतून दुसरींत जसेंच्या तसें उतरविलें, तर यंत्र तक्रार न करतां भलतेंच उत्तर देतें! हा घोळ टाळण्यासाठींच पायथॉननें २०१५ सालीं मॅट्रिक्सच्या गुणाकारास स्वतंत्र चिन्ह दिलें.

चिन्ह लिहिण्यापूर्वीं त्याचा अर्थ सांगा, असें मी वर्गांत सांगत असें. यंत्र तो विचारीत नाहीं. म्हणून ती जबाबदारी आपली.