अफूची सुई आणि ज्ञानतंतू

दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य हिरडीत सुई टोचतो. थोड्याच वेळात तेवढाच ओठ-गाल जड पडतो. माणूस मात्र शुद्धीवर असतो. उलट, पाय मोडलेल्याला मॉर्फीन दंडात टोचले तरी कळ पायाची थांबते. पहिले औषध ज्ञानतंतूची वाट जागच्या जागी अडवते. दुसरे रक्तातून मेंदू आणि मज्जारज्जू गाठते. शिक्षकांनी हा फरक मुलांना जरूर सांगावा, कारण मोठमोठ्या डॉक्टरांनाही तो एकेकाळी उमगला नव्हता.

१८५३ साली एडिंबरो येथे डॉ. अलेक्झांडर वुड यांच्याकडे एक वृद्ध बाई आली. खांद्यातली कळ काही केल्या जाईना. वुडसाहेबांनी विचार केला, की दुखते तिथेच औषध पोचवावे. त्यांनी अफूचे सत्त्व, म्हणजे मॉर्फीन, शेरी नावाच्या मद्यात विरघळवून पिचकारीने थेट दुखऱ्या जागी टोचले. कळ थांबली. पण बाई दुसऱ्या दिवशीही गाढ झोपलेली, उठवता उठेना! औषध खांद्यातच राहिले असते, तर झोप कुठून आली? आपल्याकडेही रडणाऱ्या पोराला अफूची गोळी चाटवीत, तेव्हा ते गुंगत असे. तीच ही गुंगी. तरीही वुड म्हणत राहिले, की गुण त्या जागेचाच.

लंडनच्या चार्ल्स हंटरने १८५८ च्या सुमारास हा समज खोडला. एकाच जागी वरचेवर टोचल्याने रोग्यांना गळवे होत. म्हणून त्याने दुसरीकडे टोचून पाहिले. गुण तितकाच! पुढे दोघांचा वाद चांगलाच रंगला. १८६७ साली लंडनच्या वैद्यक मंडळाच्या समितीने हंटरच्या बाजूने कौल दिला. वाद नुसता पंडिती नव्हता. सुईने दिलेल्या अफूची चटक लागत नाही, असा पुष्कळांचा समज होता, आणि १८७० साली डॉ. ऑलबट यांनी त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला, तोवर कितीकांना व्यसन जडले होते. (वुडची बायको याच सुईने गेली, अशी कथा सांगतात, ती खोटी आहे. बाई नवऱ्यामागेही जगली.)

खरे जागेवर बधिर करणारे औषध सापडले १८८४ साली. ते कोकेन, अफूशी त्याचे नाते नाही.

मग आले पेथिडीन. जर्मनीत आयस्लेब यांनी ते बनवले, ते धोतऱ्यातल्या अॅट्रोपीनसारखे पोटातील पेटके सोडवणारे औषध हवे म्हणून. शाउमान यांनी ते उंदरांना दिले, तर उंदरांच्या शेपट्या वाकड्या होऊन ताठ उभ्या राहिल्या! मॉर्फीनची ही ओळखीची खूण. १९३९ साली ते वेदनाशामक म्हणून जाहीर झाले.

आणि गंमत पाहा: वुडने मॉर्फीनमध्ये जो गुण पाहिला होता, तो पेथिडीनमध्ये खरोखरच आहे. पुरेशा प्रमाणात ज्ञानतंतूला भिडले, की सोडियमचे कण आत जाण्याची दारे ते बंद करते आणि संदेश पुढे जात नाही. १९८० नंतर काही डॉक्टरांनी कण्यात एकटे पेथिडीन देऊन कमरेखालच्या शस्त्रक्रिया केल्या. पायही तात्पुरते लुळे पडत. अफूचा परिणाम उतरवणारे नॅलोक्सोन हा अडथळा मात्र दूर करीत नाही. मळमळ, खाज आणि श्वास मंदावणे या अफूच्या जुन्या खोडी पेथिडीनलाही आहेतच. म्हणून टाके घालून झाले तरी रोग्याचा श्वास मोजत राहावे लागते.